चालता देह, वाकता देह



आपल्या गावच्या सप्ताहाचा मांडव डोळ्यांसमोर आणा. पूर्वी मांडवभर जाजम अंथरलेले असे आणि कडेला चार-दोन खुर्च्या असत. त्या फार थकलेल्या माणसांसाठी. आता बऱ्याच गावांत जाजम पुढच्या काही ओळींपुरते उरले आहे आणि मागे खुर्च्यांच्या रांगा लागल्या आहेत. त्या रांगांत सत्तरीचे आजोबा असतात, तशी पन्नाशीची धडधाकट दिसणारी माणसेही असतात. पंगतीची तीच गोष्ट. टेबल लावले की वाढायला सोपे जाते हे खरे, पण खरे कारण कुणीतरी हसत हसत सांगून जातो, "खाली बसलो तर उठवायला कोण येणार?"

त्या हसण्यात थोडी काळजी लपलेली असते. तिच्याविषयी आज तुमच्याशी बोलायचे आहे. व्यायामाचा लेख दिसतो म्हणून पान उलटू नका. हा विषय आपल्या संप्रदायाच्या गाभ्याशी जोडलेला आहे.

वारकऱ्याची ओळख कशावरून होते? गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का, खांद्यावर पताका. आणि समोर दुसरा वारकरी आला की त्याच्या पाया पडणे. इतरत्र धाकटा थोरल्याच्या पाया पडतो, शिष्य गुरूच्या पाया पडतो, आणि नमस्कार तिथे संपतो. आपल्याकडे तो परतवायचा असतो. ज्याच्या पाया पडलो, तोही लगेच वाकून आपल्या पायांना हात लावतो. वय, जात, शिक्षण, पैसा यांतले काहीच त्या क्षणी मधे उभे राहत नाही. दोघेही 'माउली', दोघेही खाली. आपल्या धर्मातली समता अशी कमरेतून वाकून दाखवावी लागते. त्यासाठी कंबर, खुबा, गुडघा आणि घोटा या चार ठिकाणी देह वळावा लागतो. देहच वळेनासा झाला तर मन कितीही नम्र असो, नमस्कार एकतर्फी होऊन बसतो.

हे मी अनुभवाने सांगतो. नोकरीची तीसएक वर्षे टेबलामागे बसून गेली. निवृत्तीनंतर, एकसष्टाव्या वर्षी, डावा गुडघा धरू लागला. सकाळी उठल्यावर पहिली काही पावले जड जात, मांडी घातली की गुडघा जमिनीपासून वीतभर वर राही. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितले की गुडघ्यातली कूर्चा झिजायला लागली आहे. त्या आषाढीला मी दिंडीच्या ट्रकमध्ये बसून आणि मधूनमधून चालत गेलो. एका विसाव्याच्या ठिकाणी अठरा-वीस वर्षांचा एक मुलगा माझ्या पाया पडला. मी परत वाकायला गेलो आणि अर्ध्यावरच थांबलो. त्या पोराने मला दोन्ही दंडांना धरून सरळ केले आणि प्रेमाने म्हणाला, "राहू द्या बाबा." त्याच्या बोलण्यात काही कमी-जास्त नव्हते. पण गुडघ्याच्या कळेपेक्षा ती गोष्ट मला जास्त लागली. घेतलेला नमस्कार माझ्याकडे उधार राहिला होता.

घरी आल्यावर सल्ले देणारे पुष्कळ भेटले. "आता मांडी विसरा," "जिना चढू नका," "चालणे कमी करा, जेवढे वापराल तेवढे झिजेल." हे शेवटचे वाक्य आपल्याकडे फार लोक मानतात. गाडीचा टायर झिजतो तसा सांधा झिजतो, म्हणून तो जपून वापरावा, असा त्यामागचा हिशोब. तालुक्याच्या गावी एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत. त्यांनी हा हिशोब चुकीचा कसा आहे ते मला समजावून सांगितले, आणि त्यांचे म्हणणे तुमच्यापर्यंत पोहोचवावे म्हणून हे सारे लिहीत आहे.

टायरला जीव नसतो, सांध्याला असतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. मग तिला अन्न कुठून मिळते? सांध्याच्या आत जो बुळबुळीत द्रव असतो, त्यातून. आपण पाऊल टाकले की कूर्चा दाबली जाते, पाऊल उचलले की ती मोकळी होते. पाण्यातला स्पंज दाबून सोडल्यावर जसे पाणी आतबाहेर होते, तसा तो द्रव कूर्चेत आतबाहेर होतो आणि तिचे पोषण चालते. म्हणजे चालणे हेच सांध्याचे जेवण. तासन्तास एका जागी बसलेल्या माणसाचा गुडघा एका अर्थी उपाशी असतो, आणि त्या उपासाचे पुण्यही लागत नाही!

दुसरी गोष्ट पोटरीची. पायांकडे आलेले रक्त हृदयाकडे परत वर चढवायचे, तर त्याला रेटा लागतो. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, तेव्हा ते शिरांमधले रक्त वर ढकलतात. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसले की संध्याकाळी घोटे सुजतात, त्याचे एक कारण हेच. तिसरी गोष्ट मांडीच्या स्नायूंची. गुडघ्यावर येणारा भार झेलायचे काम मांडीचे पुढचे स्नायू आणि पुठ्ठ्याचे स्नायू करतात. वय वाढते तसे स्नायू आपोआप कमी होत जातात. त्यांना काम नसेल तर ते अधिकच झपाट्याने कमी होतात. मग सारा भार सांध्यावर पडतो, गुडघा दुखतो, दुखतो म्हणून माणूस चालणे सोडतो, आणि चालणे सोडले की स्नायू आणखी आटतात. हे चक्र कुठेतरी उलटे फिरवावे लागते.

ताईंनी मला विचारले, "काका, तुमच्या घरात जमिनीवर बसावं लागेल असं एखादं काम आहे का?" मी विचार करू लागलो. स्वयंपाक ओट्यावर, जेवण टेबलावर, झोप कॉटवर, देवघर छातीइतक्या उंचीवर, संडास खुर्चीसारखा, दुकानापर्यंत जायला मोटारसायकल. दिवसातून एकदाही गुडघा पूर्ण वाकेल असे घरात काही शिल्लक नव्हते. त्या म्हणाल्या, "मग त्यानं वाकायचं लक्षात तरी कसं ठेवायचं?"

वाचकहो, आपल्याही घरात एकदा नजर फिरवा. आपल्या आया-आज्यांच्या दिवसाला वेगळा व्यायाम लागतच नव्हता. सडा घालताना वाकणे, रांगोळीसाठी उकिडवे बसणे, विहिरीचे पाणी शेंदणे, चुलीपुढे बसून भाकरी थापणे, शेतात खुरपताना बसल्या बसल्या पुढे सरकणे. दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठबस व्हायची. पण इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जुने ते सारे सोने म्हणण्याचा मोह मला नाही. माझ्या आईने जात्यावर दळण दळले आणि डोक्यावर हंडे वाहिले. म्हातारपणी तिचे कंबरडे त्या कष्टांनी मोडलेले मी पाहिले आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणे आणि अंग मोकळे ठेवणे यांत फरक आहे. गॅसचा ओटा, नळाचे पाणी आणि गिरणी यांनी बायकांची पाठ वाचवली, ती पुन्हा जात्याला जुंपावी असे कुणीही म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की कष्ट गेले तेव्हा त्यांच्याबरोबर साध्या हालचालीही गेल्या. त्या तेवढ्या परत आणता येतात, आणि त्या साऱ्या घराने मिळून आणायच्या.

आता आपल्या वारीकडे या दृष्टीने पाहा. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर माउलींचा सोहळा अठरा-वीस दिवसांत चालतो. पुण्याहून सासवडचा टप्पा सर्वांत मोठा, जवळपास तीस किलोमीटरचा. त्यात दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्या दिवशी एकादशीचा उपवास. त्यानंतर सासवडला दोन रात्री मुक्काम असतो. सोपानकाकांच्या भेटीचा तो मुक्काम आहेच, पण दमलेल्या पायांना तेवढी विश्रांती नेमकी तिथेच मिळते हेही पाहण्यासारखे आहे. मग जेजुरी, वाल्हे, नीरेचे स्नान करून लोणंद. पुढे तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण. वेळापूरच्या अलीकडे उतारावरून धावा.

यात नुसते सरळ चालणे किती आणि इतर काय काय आहे, ते मोजून पाहा. टाळ वाजवत पाऊली धरली की पाऊल पुढे जाते, मागे येते, आडवे पडते, अंग झुकते आणि सावरते. रिंगण झाले की उडीचे खेळ होतात; बसायचे, उठायचे, उडी मारायची. बायका फुगड्या घालतात. त्यात तोल सांभाळावा लागतो. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या माउलीची मान आणि पाठ पाहा, ती किती सरळ असते! पंगत जमिनीवर, झोप तंबूत सतरंजीवर, अंघोळ टँकरच्या नळाखाली उकिडवे बसून. आणि दिवसभर कुणी ना कुणी समोर येऊन पाया पडतो, म्हणजे आपलेही वाकणे आलेच. देह वळवायच्या जितक्या रीती आहेत, त्या सगळ्या या अठरा दिवसांत येऊन जातात. ही योजना कुणी शरीरशास्त्राचे पुस्तक वाचून केलेली नाही. नाम घेत नाचावे, वाकावे, धावावे अशी भक्तीची रीत पडली, आणि देह तिच्यामागून आपोआप मोकळा होत गेला.

पण वर्षभर खुर्चीवर बसून अठरा दिवस वारी केली तर देह मोकळा होण्याऐवजी दुखावतो. दरवर्षी पालखी तळावर पाय सुजलेली, फोड आलेली, गुडघे बांधलेली माणसे आपण पाहतो. सेवाभावी मंडळी रात्री त्यांचे पाय चेपून देतात, तेल लावतात. त्यांचे उपकार आहेतच. तरी वारी आषाढात सुरू होत नाही, ती कार्तिकीपासून सुरू करायची असते असे मला आता वाटते.

मी काय केले ते सांगतो. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते की घाई करायची नाही. सुरुवात खुर्चीपासूनच झाली. हात न टेकता खुर्चीतून उठायचे आणि सावकाश बसायचे. सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. महिन्याभराने खुर्चीच्या जागी बुटके स्टूल आले. मग दाराची चौकट धरून अर्धे खाली बसणे. मग पाटावर दोन उशा ठेवून त्यावर बसणे, पुढे एक उशी, आणि शेवटी नुसता पाट. भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, टाच जमिनीवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा. त्याने घोटा सुटतो. उकिडवे बसताना अनेकांचे गुडघे अडत नाहीत, घोटेच अडतात, हे मला तेव्हा कळले. चालणे सुरुवातीला फक्त पंधरा मिनिटे सकाळी आणि पंधरा मिनिटे संध्याकाळी, हरिपाठ म्हणत. हरिपाठाची चाल पावलाला बरोबर बसते, आणि बोलता बोलता धाप लागत नाही इतकाच वेग आपोआप राहतो. धाप लागून हरिपाठ तुटला तर पाऊल आवरायचे, ही माझी खूण.

दुखण्याविषयी त्यांनी एक साधा नियम दिला. हालचाल करताना थोडे दुखले तर घाबरायचे नाही. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर काल केलेले जास्त झाले असे समजून ते कमी करायचे, पण पूर्ण बंद करायचे नाही. गुडघा सुजला, लाल होऊन गरम झाला, चालता चालता एकदम निसटू लागला, किंवा छातीत दडपण आणि धाप असे काही झाले, तर मात्र थेट डॉक्टरांकडे. ज्यांच्या गुडघ्याची किंवा खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांडी घालायचा प्रयत्न करू नये. मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर खडा टोचलेला कळत नाही आणि जखम चिघळते. रोज रात्री तळपाय नीट पाहावेत. देवाला अनवाणी पायांपेक्षा शाबूत पाय अधिक आवडत असतील, असे मी आमच्या दिंडीतल्या एका मधुमेही वारकरीबुवांना सांगितले तेव्हा ते आधी रागावले आणि मग चपला घालून चालू लागले.

जमिनीवरून उठबस करण्याला किती महत्त्व आहे याची एक नोंद इथे देतो. ब्राझीलमधील डॉक्टर क्लाउडिओ आरौजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या दोन हजारांवर माणसांना एकच गोष्ट करायला सांगितली : जमिनीवर बसा आणि पुन्हा उभे राहा, हात, गुडघा यांचा आधार शक्य तितका कमी घ्या. पुढे काही वर्षे त्या माणसांची नोंद ठेवली. ज्यांना ही उठबस फार कठीण गेली, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. याचा अर्थ मांडी घातली की आयुष्य वाढते असा काढू नये. उठबस करायला ताकद, तोल आणि लवचिकपणा हे तिन्ही लागतात, म्हणून ती देहाच्या एकंदर अवस्थेची खूण ठरते, इतकेच.

आणि पावलांच्या आकड्याचे काय? हल्ली मनगटावरचे घड्याळ दहा हजार पावले झाली का ते सांगते, आणि नाही झाली तर माणूस रात्री अंगणात येरझारा घालतो. दहा हजारांचा हा आकडा मुळात १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचे मोजमाप असा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पावले मोजलेली नाहीत. प्रौढांनी आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम वेगाची हालचाल करावी, आणि पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढेल अशा हालचालीही कराव्यात, असे त्यात म्हटले आहे. दिवसाला अर्धा तास चाललो तरी आठवड्याचे दोनशे दहा मिनिटे होतात. पाऊली शिकलेल्या माणसाला तोलाचा वेगळा धडा शोधायला नको. एकादशीच्या भजनात मंडळातल्या ज्येष्ठांनी बसून टाळ वाजवण्याऐवजी दोन अभंगांना उभे राहून पाऊली धरावी, एवढे केले तरी पुष्कळ आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. संत देहाला नाशवंत म्हणतात, आणि आपण गुडघ्याचे लाड काय मांडले आहेत? कीर्तनात देहाची असारता ऐकायची आणि घरी येऊन मांडीचे स्नायू मोजायचे, हे जुळते का? मी यावर पुष्कळ विचार केला. देह सजवणे वेगळे आणि देह वापरता ठेवणे वेगळे. पखवाजाला शाई लावतो, कणिक लावतो, दोऱ्या ताणतो. ते पखवाजाचे कौतुक म्हणून करत नाही, भजनाला तो बोलला पाहिजे म्हणून करतो. विणेकरी वीणा खाली ठेवत नाही, पण तिची तार सैल झाली तर जुळवतोच. देहही नामासाठी मिळालेले असेच एक वाद्य आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण ही मापात ठेवायला सांगितली आहेत. आहाराचे माप आपण एकादशीला तरी पाळतो. विहाराचे माप मात्र विसरलो. विहार म्हणजे हिंडणे-फिरणे, हालचाल. तीही मापात, म्हणजे अतिरेकही नको आणि शून्यही नको.

आपला देवही पाहा ना. बहुतेक देव बसलेले आहेत, कुणी वाहनावर, कुणी सिंहासनावर. आपला विठोबा उभा आहे. दोन्ही पाय विटेवर सारखे, भार दोन्हींवर सारखा, कंबर सरळ. दुखऱ्या गुडघ्याची माणसे एका पायावर भार टाकून तिरकी उभी राहतात आणि मग दुसरा गुडघाही धरतो. रांगेत उभे असताना मी आता मनात विटेवरचे ते पाय आणतो आणि आपले पाय तसे सारखे करतो. ध्यानही होते आणि उभे राहणेही सुधारते.

माझ्या गुडघ्याचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. एक्स-रेमधली झीज भरून आली नाही. ती भरून येत नसते. पण कार्तिकीपासून ज्येष्ठापर्यंतच्या आठ महिन्यांत बदल मात्र झाला. पुढच्या वारीत सासवडचा मोठा टप्पा आणि आणखी दोन टप्पे मी ट्रकने गेलो, बाकीचे चाललो. साष्टांग दंडवत अजून घालता येत नाही. उठताना कुणाचा तरी खांदा लागतो. मात्र समोरच्याच्या पायांपर्यंत हात जातो. पाया पडलेल्या माणसाला नमस्कार परत देता येतो. मला एवढेच हवे होते.

पण वाचकहो, हे वाचून एखाद्या माउलीने मनात खंत धरू नये. ज्यांचे पाय खरोखरच चालत नाहीत, ज्यांना पक्षाघात झाला, ज्यांचे सांधे आजाराने जखडले, त्यांच्यासाठी खुर्ची हा आधार आहे आणि मांडवात त्यांची जागा पहिल्या रांगेत असावी. आपल्या परंपरेत अशांसाठी कूर्मदासांची कथा जपून ठेवली आहे. कूर्मदास पैठणचे. हातपाय नसलेला हा भक्त पंढरीच्या ओढीने जमिनीवर सरपटत निघाला. रोज जमेल तेवढी वाट कापत तो सोलापूर जिल्ह्यातल्या लऊळ गावापर्यंत आला आणि तिथे त्याची शक्ती संपली. पंढरपूर अजून लांब होते. तेव्हा पांडुरंग स्वतः त्याला भेटायला लऊळला आले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. तिथे आजही कूर्मदासांची समाधी आहे.

ही कथा आपण सहसा देवाच्या करुणेसाठी सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. कूर्मदास पैठणातच बसून राहिला नाही. त्याच्याजवळ जेवढी हालचाल होती, तेवढी त्याने वाटेवर आणली. किती अंतर कापले हे देवाने विचारले नाही. ज्याला दहा किलोमीटर चालता येते त्याने दहा चालावे, ज्याला अंगणापर्यंत जाता येते त्याने अंगणातल्या तुळशीपर्यंत जावे, जो अंथरुणावर आहे त्याने घोटा फिरवावा, हाताची मूठ उघडावी-मिटावी आणि नाम घ्यावे. उरलेले अंतर चालून येणे ही त्याची जबाबदारी आहे, आणि ती तो निभावतो असा आपला विश्वास आहे.

तेव्हा माउली, उद्याच्या सकाळी एवढे करून पाहा. देवघरापुढे एक पाट मांडा. शेजारी भक्कम खुर्ची किंवा भिंत असू द्या, म्हणजे आधाराला हात टेकता येईल. सावकाश खाली बसा, एक माळ जपा, आणि सावकाश उठा. मग घरात जो कुणी असेल, मुलगा, सून, नातवंड, त्याच्यापुढे जरासे वाका. ते चकित होतील आणि तेही वाकतील.

राम कृष्ण हरि.